कीपासएक्ससी वापरून बघाच
पासवर्ड मॅनेजर म्हटलं की सगळे क्लाउडवालेच सुचवतात, मला मात्र कीपासएक्ससी आवडतं कारण स्टीमपासून (गेम्सचं अकाउंट) ईमेलपर्यंत सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) फाइलमध्ये आपल्याच मशीनवर राहतात, ना अकाउंट ना सबस्क्रिप्शन, वर ओपन सोर्स आणि फुकट. ब्राउझर एक्स्टेंशन जोडलं की लॉगिन पेजवर पासवर्ड भरून मिळतो आणि डोमेन (साइटचा पत्ता) जुळलं नाही तर सुचवतच नाही, फिशिंगवाल्यांची, म्हणजे खोट्या साइटवरून पासवर्ड चोरणाऱ्यांची, तिथेच गोची. दिसायला जुनाट आहे, असू दे. सिंक, म्हणजे सगळ्या डिव्हाइसवर फाइल सारखी ठेवणं, मात्र आपलं आपण बघायचं, मोबाइल अ‍ॅपही यांचं नाही, अँड्रॉइडवर तीच फाइल कीपासडीएक्स या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडते. टू-फॅक्टरचे (पासवर्डनंतर लागणारे) कोडही यात ठेवता येतात पण मी ते वेगळेच ठेवतो, फाइल फुटली तर दोन्ही जायला नको. आणि हो, मास्टर पासवर्ड, म्हणजे ही फाइल उघडायचा पासवर्ड, विसरलात तर रिसेटबिसेट काही नसतं राव, फाइल गेलीच समजा.