एचओ स्केलचे मॉडेल ट्रेलर घेताय? माझे 25,760 रुपये गेले

स्पष्टच लिहितो, कारण मला फसवणारा हा विक्रेता आता पुढचा बकरा शोधत असणार. एचओ मापाची (1:87) अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडची मॉडेल फ्लॅटकार (सपाट, उघडा मालडबा), तिच्यावर ट्रकचे दोन ट्रेलर, ‘1956 चा पिगीबॅक सेट’ (पिगीबॅक म्हणजे ट्रेलर रेल्वेवर चढवून नेणं) म्हणून 18,500 रुपये. पाठोपाठ ‘कस्टम ड्युटी’ 4,260 आणि ‘परत मिळणारी’ अनामत 3,000. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. नंबर बंद.

चीड याची येते की फोटोत सगळं दिसत होतं. 1955 च्या शेवटी ट्रेलर ट्रेन कंपनी निघाली ती पेनसिल्व्हेनियाच्याच 75 फुटी फ्लॅटकार घेऊन. 35 फुटांचे दोन ट्रेलर मागेपुढे बसावेत असा तो हिशोब. एचओत 35 फूट म्हणजे सव्वाबारा सेंटिमीटर. याने ट्रेलरशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवला होता, त्यात चक्क पावणेसोळा! म्हणजे 45 फुटी, कितीतरी वर्षांनंतरचा माल. असले दोन त्या गाडीवर मावतीलच कसे? शिकागो ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1936 मध्ये ही पिगीबॅक सेवा सुरू केली तिथपासूनचा इतिहास मला पाठ आहे हो! पण रात्री साडेअकराला ‘आणखी दोघं तयार आहेत’ असा मेसेज आल्यावर पट्टी कोण वाचत बसतो? त्यात ट्रेलर अडकवायच्या हिचबद्दल तो इतकं अचूक बोलला, की माझ्या जागी कोणीही पैसे पाठवले असते.

वस्तू व्हिडिओ कॉलवर हातात धरून दाखवायला लावा. ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर भरायची नसते, कधीच नाही.

पोलीस ठाण्यात तर तमाशाच. ‘ट्रक गेला की ट्रेलर?’ मॉडेल म्हटलं तर कळेना, म्हणून कोकण रेल्वेचं रो-रो सांगितलं: 1999 पासून कोलाडहून वेर्ण्याला अख्खे ट्रक जातात, अमेरिकेत मात्र पुढचा इंजिनाचा भाग यार्डातच सुटतो, नुसता ट्रेलर जातो. हवालदार म्हणाले, ‘मग इंजिन कोणी नेलं?’ अर्जात शेवटी लिहिलं, ‘खेळण्यातील ट्रक, विनाइंजिन’. तिथून सायबरला पिटाळलं, सायबरवाल्यांनी परत ठाण्यात. बँकेचं उत्तर: व्यवहार तुम्हीच केला, तक्रार बंद. पैसे कुठल्या खात्यात गेले ते यांना दिसतंय, पण ते गोठवायला हात नाहीत. माझा हप्ता दोन दिवस चुकला की मात्र चार फोन येतात!

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला त्याच तासात फोन लावा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी लावला.

तेच फोटो परवा दुसऱ्या नावाने फिरताना दिसले, किंमत आता 16,000. फ्लॅटकारची एका टोकाची पायरी तुटकी आहे, मागे हिरवी चादर. ओळखा.