पैसे सीटी अँजिओग्राफीचे घेतले, केला नुसता कॅल्शियम स्कोअर

सीटी कोरोनरी अँजिओग्राफीचे, म्हणजे हृदयाच्या धमन्यांतले अडथळे दाखवणाऱ्या स्कॅनचे म्हणून माझ्याकडून 13,800 रुपये घेतले आणि प्रत्यक्षात नुसता कॅल्शियम स्कोअर, म्हणजे त्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा काढला. वर 'स्पेशालिस्टच्या मता'चे 1,200. एकूण 15,000. पावती जपून ठेवली आहे, तुम्हीही ठेवत जा.

पॅकेज कसं गळ्यात मारतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी पॅकेजला भुललो नव्हतो. डॉक्टरांची चिठ्ठी नेली होती, तिच्यावर टेस्टचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं.

छातीला ईसीजीचे पॅच चिकटवले, श्वास रोखायला लावला आणि लगेच "झालं, उठा." हाताला सुई लागलीच नाही! सगळं तिथेच उघडं पडलं होतं. शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये धमन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध, दिल्याशिवाय अँजिओग्राफी होतच नाही. ते आत गेलं की अंगभर ऊब पसरते. त्याआधी किडनी ठीक आहे ना हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, नाडी जलद असेल तर गोळी देऊन साठच्या आसपास आणतात. माझी नाडीसुद्धा कुणी पाहिली नाही. मी विचारलं, "इंजेक्शन?" टेक्निशियन म्हणाला, "नव्या मशीनला लागत नाही, काका." तो इतक्या छातीठोकपणे सांगत असताना टेबलावर आडव्या पडलेल्या पेशंटने काय वाद घालायचा?

रिपोर्टमध्ये 'स्कोअर 0, ब्लॉक नाही'. अहो, स्कोअर फक्त साठलेलं कॅल्शियम मोजतो! मऊ प्लाक, म्हणजे धमनीत साठलेला चरबीचा मऊ थर, त्यात दिसतच नाही. आमच्या डॉक्टरांनी स्कॅनची सीडी लावली आणि म्हणाले, यात कॉन्ट्रास्ट कुठे आहे? दुसरीकडे 11,500 भरून खरी टेस्ट केली, तर एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीत, 40 टक्के अडथळा निघाला. त्या शून्यावर विसंबून मी औषधांशिवाय राहिलो असतो. सीडी मागून घ्याच, नुसत्या रिपोर्टवर घरी येऊ नका. आणि टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, धमन्यांतले अडथळे दिसतात असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. त्यात हृदयाचं पंपिंग आणि झडपा दिसतात.

सेंटरवाले म्हणतात, संमतीपत्रावर सही तुमची आहे. पोलीस म्हणाले, हे आरोग्य खात्याचं काम. आरोग्य खात्यात म्हणे, पैशांचा मामला आहे, ग्राहक आयोगात जा. अँजिओग्राफीचं बिल आणि कॉन्ट्रास्ट नसलेली सीडी, दोन्ही टेबलावर ठेवली होती. साहेबांनी हातसुद्धा लावला नाही. "तुम्हाला काही झालं तर नाही ना?" असं वर विचारलं! म्हणजे अटॅक आल्यावर तक्रार घेणार का? अर्ज मिळाल्याचा शिक्का मागितला, तोही दिला नाही. अर्ज आता रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे.