छर्रा खरंच फुलतो का? क्रोनोग्राफ, जिलेटिन आणि तीन तऱ्हेच्या छर्‍यांचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आमच्या कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) पाटाच्या कडेला एक माकडीण बसलेली दिसली. जवळ गेलो तरी हलेना. मांडीतली जखम चिघळलेली, तिच्यावर माश्या घोंघावत होत्या. वनखात्याची माणसं येऊन तिला घेऊन गेली, पण तिसऱ्या दिवशी ती गेलीच. पशुवैद्यांनी जखमेतून काढलेला एअरगनचा छर्रा मला दाखवला आणि मी त्याचा जवळून फोटो काढून ठेवला. साडेचार मिलिमीटरचा, पोकळ टोकाचा. टोकाची पोकळी जशीच्या तशी होती, फक्त कडेला एक बारीक चेप.

असल्या छर्‍याच्या डब्यावर तो मांसात शिरल्यावर फुलासारखा उघडल्याचं चित्र असतं. मग हा का उघडला नाही? हा प्रश्न डोक्यातून जाईना. जुलैत छर्‍याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ घेतला आणि यंदाच्या शिगम्यापर्यंत जमेल तेव्हा मोजमाप करत राहिलो. त्या आठ महिन्यांचा हा अनुभव.

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या अलीकडे. आजोबांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची एकनळी होती, त्यामुळे बंदुकीची ओळख लहानपणापासूनची. माझी स्वतःची आहे ती स्प्रिंगची, नळी मोडून भरायची एअर रायफल, कागदाच्या लक्ष्यावर सराव करण्यापुरती. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. माझी १३ ते १४ जूल देते. परवाना लागत नाही म्हणजे जनावरावर चालवायला मोकळीक मिळाली, असं आमच्याकडे बरेच जण धरून चालतात. ते साफ चूक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि बंदूक कुठली आहे यावर शिकारीचा गुन्हा ठरत नाही.

आधी क्रोनोग्राफबद्दल. माझा प्रकाशाच्या सेन्सरचा आहे. छर्रा वरून जाताना दोन सेन्सरवर सावली पडते आणि त्यामधल्या वेळेवरून वेग निघतो. उघड्या ढगाळ आभाळाखाली उत्तम चालतो, म्हणजे आमचा पावसाळा त्याला मानवतो. मांगरात (बागेतल्या खोपटात) ट्यूबलाइटखाली लावला तर भलतेच आकडे येतात, कारण विजेच्या दिव्याची लुकलुक त्याला सावलीसारखीच वाटते. दोन आठवडे मी रायफललाच दोष देत होतो. शेवटी बॅटरीवरचे दिवे लावले आणि आकडे जाग्यावर आले. लांबच्या अंतरावर त्याच्यापुढे जाड फळी उभी करायलाच हवी. तिसऱ्याच आठवड्यात माझ्या एका छर्‍याने त्याची दांडी उडवली.

पावसाळ्यातली दुसरी अडचण तेलाची. जूनपासून लोखंडाला रातोरात गंज चढतो, म्हणून मी नळीत आणि सिलिंडरकडे सढळ हाताने तेल सोडलं. पुढचे वीसेक बार सेकंदाला २४५ मीटरऐवजी २६०, २७५ असे उड्या मारू लागले आणि नळीतून जळका वास येऊ लागला. स्प्रिंगने दाबलेली हवा इतकी तापते की आतलं तेल पेटतं. वेग वाढलेला बघून बरं वाटतं, पण एकही आकडा भरवशाचा राहत नाही आणि सीलही खराब होतं. आता बाहेरून पुसटसा हात आणि आत जवळजवळ काही नाही. छर्‍यांवरही दमट हवेने पांढरी पूड धरते. झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही हात लावत नाही.

लक्ष्य कशाचं करायचं यात मात्र बराच वेळ गेला. कपड्याच्या साबणाच्या वडीत भोक छान टिकतं, पण साबण वडीगणिक वेगळा. भिजवलेली वर्तमानपत्रं स्वस्त, पण छर्रा काढेपर्यंत सगळा लगदा होतो. शेवटी जिलेटिनवर आलो: वजनाने एक भाग पावडर, नऊ भाग पाणी, मंद आचेवर विरघळवायचं, उकळू द्यायचं नाही, मग रात्रभर फ्रिजमध्ये ४ अंशांवर. गोळ्यांची चाचणी पुष्कळ ठिकाणी याच १० टक्के जिलेटिनवर होते. ते नीट जमलंय का हे तपासायची रीत तर आमच्याच मापाची आहे: साडेचार मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला १८० मीटर वेगाने मारली की ती साडेआठ सेंटिमीटर आत जायला हवी, एक सेंटिमीटर इकडेतिकडे. पोलादी गोळीने माझ्या नळीचे आटे खराब होतील म्हणून ही तपासणी मी केलेली नाही. तेव्हा खालचे सेंटिमीटर एकमेकांशी ताडून बघण्यापुरतेच घ्यावेत. ऑक्टोबरच्या उन्हात ठोकळा बाहेर काढल्यापासून दहा मिनिटांत मऊ पडतो, म्हणून सगळे बार सकाळी सातच्या आत.

मागे चिरा, म्हणजे जांभा दगड, ठेवायचा नाही, हे मुद्दाम सांगतो. आमच्याकडे जिथे तिथे चिऱ्याच्या भिंती असतात आणि पहिल्यांदा सगळे त्यांनाच लक्ष्य टेकवतात. छर्रा चिऱ्यावरून उलटा येतो. मी वाळूच्या गोणी रचल्या आणि भाच्याला चष्म्याशिवाय जवळ येऊ दिलं नाही.

आता छर्रे. वेग कमीजास्त करायला स्प्रिंगच्या बंदुकीत काही सोय नसते, म्हणून मी अंतर बदललं आणि ठोकळ्याच्या अलीकडे एक मीटरवर वेग मोजला. ५, ३० आणि ४५ मीटर.

चपट्या तोंडाचा छर्रा ०.४५ ग्रॅमचा. १० मीटरच्या स्पर्धेत हाच वापरतात. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्ण मिळवलं तो हाच खेळ. कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो. ५ मीटरवर २३८ मीटर वेग आणि नऊ सेंटिमीटर खोली, ३० वर १८३ आणि साडेसहा. ४५ वर तो ठोकळ्याला लागेल याचीच खात्री नाही. सरावाला मला हाच आवडतो.

घुमटाकार छर्रा ०.५५ ग्रॅमचा. जड आणि गोल डोक्याचा असल्याने हवेत वेग कमी गमावतो: २२५, १९५, १८०. खोली १४, ११, १०. तो जाताना फुलत नाही, वाकत नाही, सरळ जातो. लांबच्या लक्ष्याला हाच घ्यावा.

आणि पोकळ टोकाचा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. ५ मीटरवर २४० च्या वेगाने तो खरंच उघडला. व्यास सहा मिलिमीटरच्या आसपास, कडा बाहेर वळलेल्या, खोली आठ सेंटिमीटर. ३० मीटरवर वेग १९० वर आला आणि तो नऊ सेंटिमीटर गेला. हळू गेलेला छर्रा जास्त खोल! पहिल्यांदा वाटलं, ठोकळा मऊ पडला असेल. चार वेगवेगळ्या सकाळी पुन्हा केलं, तरी तेच. तो फुललाच नव्हता, म्हणून त्याला अडवणारं तोंड लहान राहिलं. ४५ मीटरवर वेग १६८, खोली साडेसात आणि पोकळी तशीच कोरी.

यामागचा हिशेब सोपा आहे. पाण्यासारख्या पदार्थात शिरताना टोकावर पडणारा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २४० ला तो साधारण २९ मेगापास्कल, १६८ ला जेमतेम १४. शुद्ध शिशाची ताणशक्ती १२ ते १७ मेगापास्कल. म्हणजे वेग तीस टक्के उतरला की दाब निम्म्यावर येतो आणि नेमका शिशाच्या सोसण्याच्या टप्प्यात अडकतो. शिशात अँटिमनी मिसळून ते कडक केलं असेल तर आणखी कठीण. शिकारीच्या मोठ्या रायफलींच्या गोळ्यांनाही हाच नियम आहे, फक्त आकडे वेगळे: तांब्याच्या कवचाच्या पुष्कळ गोळ्यांना नीट फुलायला सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास वेग लागतो, आणि फार जवळून फार वेगात लागल्या तर त्या फुटून उथळच राहतात. या पेचावर उपाय म्हणून नॉस्लर या अमेरिकन गोळ्यांच्या कंपनीने १९४८ मध्ये मधोमध भिंत असलेली पार्टिशन गोळी बाजारात आणली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. फुलणाऱ्या गोळीचं 'डमडम' हे जुनं नाव तर आपल्याच देशातलं, कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यावरून पडलेलं. १८९९ च्या हेग परिषदेत असल्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी घालण्यात आली.

साडेचार मिलिमीटरच्या, परवान्याविना मिळणाऱ्या बंदुकीत मात्र पोकळ टोकाला पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे. पाच मीटरवर कागदच मारायचा तर चपटा पुरतो आणि लांब जाऊन त्या टोकाचा उपयोग काही उरत नाही. उलट उघड्या तोंडामुळे हवेत वेग लवकर जातो आणि लक्ष्यावरची भोकं एकमेकांपासून लांब पडतात. माझा डबा निम्म्याहून जास्त भरलेला पडून आहे.

आमचे शेजारी तात्या नारळाची बोंडं पाडणाऱ्या माकडांना वैतागलेले. दिवाळीत म्हणाले, "अरे, ते फुलणारे छर्रे मला दे एक डबा, एका बारात काम होईल." मी त्यांना मांगरात नेऊन ४५ मीटरचा ठोकळा उजेडासमोर धरला. आत छर्रा दिसत होता, न फुललेला, मागे बारीक वाट. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "म्हणजे मरत नाही ते?" मी म्हटलं, "तिसऱ्या दिवशी मरतं, तात्या." त्यांनी पुन्हा डबा मागितला नाही.

शिगम्याच्या आदल्या आठवड्यात ४५ मीटरवरचे पाचही पोकळ छर्रे ठोकळ्यातून काढून धुतले आणि मे महिन्यातल्या फोटोशेजारी मांडले. तीच कोरी पोकळी, कडेला तसाच बारीक चेप. ज्याने मारलं त्याची बंदूक माझ्यासारखीच असेल, तर तो साधारण तेवढ्या अंतरावर उभा होता. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पाटाच्या त्या जागेपासून डांबरी रस्त्यापर्यंत मोजलं. सत्तेचाळीस मीटर.