इंजेक्टर साफ केल्याचे 1,800 घेतले, कुंभारणीचं घर मात्र जागच्या जागी

आमची सँट्रो झिंग 2011 ची, साताऱ्यात दारात उभी असते, महिन्यातून दोनदा पुण्याला जाते तेवढंच. मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो आणि गाडीने झटके मारायला सुरुवात केली, पिकअप गेला, दुसऱ्या गिअरवर पण उचलेना आणि निम्म्या घाटात बंदच. मागं ट्रकवाले हॉर्न देतायत, बायको म्हणतेय तुला कधीची सांगतेय गाडी बदल. वीस मिनिटं थांबलो, चावी मारली तर लगेच चालू! सकाळी थंड असताना तर एकदम मक्खन चालायची, अर्धा तास पळाली आणि चढ लागला की हे सुरू.

मेव्हण्याच्या ओळखीतलं एक गॅरेज होतं तिथं नेली. मालक गोड बोलणारा, साहेब साहेब करत चहा मागवला. म्हणाला, हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के एथेनॉल, जुन्या गाडीचा टाकीतला पंप खातंय ते, रोज चार गाड्या येतात. आता हे पूर्ण खोटं पण नाही ना, जुन्या गाड्यांचे रबरी होज, सील एथेनॉलने खराब होऊ शकतात हे मी पण वाचलेलं, त्यामुळे लगेच पटलं. तासाभराने त्याने व्हॉट्सअॅपवर स्कॅनरचा फोटो पाठवला, पी0201 कोड, एक नंबर इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारतो तो) सर्किट. म्हणजे पंप पण गेला आणि इंजेक्टर पण.

बिल असं झालं, पंप 5,800, इंजेक्टर क्लिनिंग 1,800, टाकी साफ 1,200, मजुरी 1,500. एकूण 10,300 आणि बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. जुना पंप मागितला तर म्हणे कंपनीला परत द्यावा लागतो. आदल्या दिवशी दीड हजाराचं पेट्रोल भरलेलं, काटा रिझर्व्हला! विचारलं तर टाकीत घाण होती साहेब, फेकून द्यावं लागलं. मी गप्प बसलो, चूक माझीच.

चौथ्या दिवशी पुण्याहून परत येताना पुन्हा तेच, पुन्हा खंबाटकी, आणि यावेळी तर आधीपेक्षा लवकर बंद पडली.

मग शेजाऱ्यांनी एका वयस्कर वायरिंगवाल्याकडे पाठवलं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी बॉनेट उघडलं, बिल मागितलं, वाचलं आणि हसायलाच लागले. मला जवळ बोलावून म्हणाले, "भाऊ, हे बघा." इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी जी नळी, म्हणजे रेल असते तिच्यावर दोन आणि तीन नंबर इंजेक्टरच्या मधे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, वाळून दगड झालेलं, एक टवका पण उडालेला नाही. इंजेक्टर काढायचे तर रेल उचलावी लागते, आणि रेल उचलली तर ते घर राहील का? रेलवरची धूळ पण तशीच होती, बोट पण लागलं नव्हतं.

आणि कोडचं काय म्हटलं तर त्यांनी गाडी चालू ठेवून एक नंबर इंजेक्टरचा कपलर (वायरचा जोड) काढला, चेक लाइट लागली, स्कॅनर लावला, पी0201 हजर. परत जोडला, कोड पुसला, पुन्हा आला नाही. म्हणजे फोटोपुरता कोड असाच आणला असणार. म्हणाले खरंच सर्किट गेलं असतं तर गाडी सकाळपासूनच तीन सिलिंडरवर थडथडली असती, गरम व्हायची वाट कशाला बघेल? हे मला सुचायला पाहिजे होतं राव.

मग त्यांनी जे केलं ते त्या गॅरेजवाल्याने करायला हवं होतं, माझ्यासोबत गाडीत बसून गाडी मरेपर्यंत फिरवली. मागची सीट उचलली, खाली झाकण असतं, त्याखाली पंप. झटके सुरू झाले की मीटर लावलं, बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि पंपाच्या कपलरवर जेमतेम साडेनऊ. कपलर काढला तर आतली एक पिन तपकिरी, प्लास्टिक वितळलेलं. गरम झालं की पिन धरत नाही, व्होल्ट पडतात, पंप हळू फिरतो आणि चढावर इंजिनला जेवढं पेट्रोल पाहिजे तेवढं मिळत नाही, थंड झालं की पुन्हा ठीक. कपलर वायरसकट बदलला, 350 रुपये. त्यानंतर खंबाटकी तीनदा चढलोय, एसी लावून.

पण झाकण उघडल्यावर अजून एक दिसलं. "नवीन" पंपाच्या मोटरवर मार्करने नंबर लिहिलेला, भंगारातल्या पार्टवर लिहितात तसा, आणि होजला साधी पत्र्याची क्लिप. म्हणजे माझा चांगला पंप काढून घेतला आणि वापरलेला बसवला.

फोटो घेऊन गेलो तर आधी इलेक्ट्रिकल पार्टला गॅरंटी नसते म्हणाला, कुंभारणीचा फोटो दाखवल्यावर मेव्हण्याकडे बघून 3,000 परत दिले. पक्कं बिल नाही त्यामुळे पुढे कुठे तक्रार करायला तोंड नाही. तुमची गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर पंपाला हो म्हणायच्या आधी, गाडी चालू असून झटके मारत असताना, पंपाच्या कपलरवर व्होल्ट मोजायला लावा, दोन मिनिटाचं काम आहे. चावी ऑन केली की मागून दोन-तीन सेकंद गुंऽऽ आवाज येतो तो पण ऐका, पण आवाज आला म्हणजे प्रेशर आहेच असं नाही. आणि गाडी टाकताना बॉनेटच्या आतले, पेट्रोलच्या काट्याचे फोटो काढा, पार्ट बदलताना समोर उभे रहा.

माझा ओरिजिनल पंप काही मिळाला नाही. बहुतेक एव्हाना दुसऱ्या कुणाच्या तरी सँट्रोत बसला असेल, मार्करने नंबर टाकून, 5,800 ला.