'लायरमान' की 'इश हाब इम ट्राउम': एका उदास गाण्याची निवड

पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्याला कार्यक्रमासाठी एखादे उदास जर्मन 'लीड' (कवितेला चाल लावून पियानोच्या साथीने गायचे गाणे) निवडायचे असेल, तर फ्रान्झ शूबर्टचे 'डेर लायरमान' (चाकाचे तंतुवाद्य वाजवणारा) आणि रॉबर्ट शूमानचे 'इश हाब इम ट्राउम गेवाइनेट' (मी स्वप्नात रडलो) ही दोन गाणी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही छोटी आहेत, दोन्हींत पियानोचे स्वर मोजकेच आहेत आणि कागदावर दोन्ही सोपी दिसतात. मात्र गायकाची परीक्षा ती अगदी वेगवेगळ्या ठिकाणी घेतात.

'लायरमान' हे विल्हेल्म म्यूलरच्या कवितांवर शूबर्टने १८२७ साली रचलेल्या 'विंटररायसे' या २४ गाण्यांच्या मालिकेतले शेवटचे गाणे. प्रेमभंगानंतर भर हिवाळ्यात भटकणाऱ्या वाटसरूला गावाबाहेर एक म्हातारा दिसतो: बर्फावर अनवाणी, पुढ्यातली थाळी रिकामी, भोवती गुरगुरणारी कुत्री, ऐकणारे कोणी नाही, तरीही तो आपले वाद्य वाजवीत राहिलेला. चाक फिरवून तारा घासणाऱ्या त्या वाद्याचा अखंड सूर पियानोचा डावा हात धरतो आणि षड्ज-पंचमाची ती जोडी अखेरपर्यंत सोडत नाही. तानपुऱ्यावर गळा तयार झालेल्याला इथे आधार सापडेल, आणि साथीला शिकाऊ पियानोवादक असला तरी बोटांची अडचण येणार नाही. अडचण आहे ती संयमाची. गायकाच्या वाट्याला छोटी, जवळजवळ सारखीच वाक्ये येतात. त्यांत जरा भावना ओतली की गाणे नाटकी होते, आणि काहीच केले नाही तर ते कंटाळवाणे होते. 'विचित्र म्हाताऱ्या, तुझ्यासोबत येऊ का?' हा शेवटाकडचा प्रश्न येईपर्यंत हातचे राखून गावे लागते. शिवाय आधीची २३ गाणी ऐकलेल्या श्रोत्याला हा प्रश्न जितका भिडतो, तितका सुट्या गाण्यात भिडत नाही, ही उणीव माझ्या मते मोठी आहे.

शूमानचे गाणे सुटे काढले तरी पुरे वाटते. हाइनेच्या कवितांवरच्या, १८४० साली रचलेल्या 'डिश्टरलीबे' या १६ गाण्यांच्या मालिकेत ते तेरावे आहे. कवीला प्रेयसीविषयी पडलेली स्वप्ने तीन: तू थडग्यात होतीस, तू मला सोडून गेलीस, आणि तू अजूनही माझ्याशी चांगली वागत होतीस. जागे झाल्यावर अश्रूंचा पूर लोटतो तो तिसऱ्या स्वप्नानंतर. पहिल्या दोन कडव्यांत आवाज बहुतांशी एकटा असतो, पंचमावर रेंगाळत कोमल धैवताला स्पर्श करतो आणि थांबतो. मग पियानो दबक्या आवाजात दोन-चार स्वरसंघातांचे (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे) उत्तर देतो. धोका नेमका इथेच आहे, कारण आधाराविना गाताना सूर केसभर जरी उतरला, तरी पियानोचा पुढचा आघात ते सर्वांसमोर उघड करतो. तिसऱ्या कडव्यात पियानो सोबत येतो, आवाज अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढतो, आणि रडण्याचे गाणे असले तरी गळा काढण्याचा मोह तिथे टाळावा लागतो.

ज्याचा सूर पक्का आहे आणि ज्याला शांततेत उभे राहण्याची भीती वाटत नाही, त्याने शूमान निवडावा, असे माझे मत आहे. सुराबद्दल शंका असेल पण शब्द बोलल्यासारखे सहज गाता येत असतील, तर शूबर्ट बरा. फक्त पहिल्याच शब्दातला 'ड्र्यूबेन' मधला स्वर ओठ गोल ठेवून नीट घोटून घ्यावा. दोन्ही गाणी पुरुषाच्या तोंडची असली, तरी स्त्रीने ती गावीत का, हा प्रश्न गायिका लोटे लेमान यांनी दोन्ही मालिका ध्वनिमुद्रित करून केव्हाच निकालात काढला आहे. पट्टीही आपल्या गळ्याप्रमाणे बदलून घेण्याची रीत आहे.

कार्यक्रमातली जागाही आधीच ठरवावी. 'लायरमान' नंतर दुसरे काही गाणे टिकत नाही, म्हणून ते अखेरीस ठेवावे. शूमानचे गाणे मध्ये चालते. मात्र आवाज संपल्यावरही पियानो थांबत-थांबत वाजतो, आणि त्या थांब्यांत टाळ्या पडू नयेत यासाठी वादकाने पट्ट्यांवरचे हात आणि गायकाने नजर शेवटच्या स्वरसंघातापर्यंत हलवू नये.