माझ्या नाकात काय बसवले, ते मला चौदा महिन्यांनी कळले

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करते. माझे नाक लहानपणापासून बसके आहे. शस्त्रक्रियेचा विचार मी चार वर्षे मनात ठेवला होता आणि माझी अपेक्षा अगदी मर्यादित होती. मला कोणा दुसरीचे नाक नको होते, तर माझ्याच नाकाचा दांडा दोन-तीन मिलिमीटर उचलला जावा, आणि भेटणाऱ्याला काहीतरी बदलले आहे एवढेच जाणवावे, पण काय ते कळू नये, असे वाटत होते.

अलकापुरी भागातील एका क्लिनिकमध्ये मी आईला घेऊन गेले. डॉक्टरांनी अर्धा तास शांतपणे समजावून सांगितले. नाकाच्या पडद्यातली, कानामागची किंवा बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक हाडासारखा भाग, वापरून दांडा उचलता येतो, नाहीतर सिलिकॉनचा तयार तुकडा बसवता येतो. मात्र कातडी पातळ असली तर सिलिकॉनची कड कालांतराने दिसू लागते आणि क्वचित तो तुकडा कातडी फाडून बाहेरही येतो, असे ते म्हणाले. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्यात त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नवे नाक दिले गेले आणि ती हकिकत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली, हेही त्यांनी सांगितले. आपल्या शरीरातलेच द्रव्य आपल्याला मानवते, हा त्यांचा मुद्दा मला पटला. त्या अर्ध्या तासात ते एकही वाक्य खोटे बोलले नाहीत, हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण माझा विश्वास तिथेच बसला.

सिलिकॉनचे 90,000 आणि स्वतःच्या कूर्चेचे 1,60,000 रुपये असा दर होता. मी दुसरा पर्याय निवडला. समुपदेशक बाईंनी 20,000 रुपये त्याच दिवशी मोबाइलवरून भरून घेतले आणि उरलेले रोख आणायला सांगितले. ‘बेन, बिल घेतलंत तर वर अठरा टक्के जीएसटी पडेल,’ असे त्या म्हणाल्या. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर तो कर खरोखरच लागतो. जन्मजात व्यंग किंवा अपघाताने बिघडलेला अवयव पूर्ववत करण्याच्या शस्त्रक्रियेलाच त्यातून सूट आहे. हिशेबाच्या नोकरीत असूनही मी 28,800 रुपये वाचवण्यासाठी 1,40,000 रुपये पावतीशिवाय दिले. ही चूक माझी आहे आणि तिची किंमत मी आजही मोजत आहे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी, हाताला सुई लावलेली असताना, तीन पानी इंग्रजी संमतिपत्र समोर आले. कोणते द्रव्य वापरणार, त्यापुढची ओळ कोरी होती. ‘ते डॉक्टर नंतर भरतात,’ असे नर्सने सांगितले आणि मी सही केली. एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, जीव वाचवण्याची निकड असली तरच अपवाद, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालीच सांगितले आहे. पण ओळच कोरी असली की संमती नेमकी कशाला दिली होती, हे सिद्ध करणे फार अवघड होते.

सातव्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा नाक सरळ आणि उंच दिसत होते. आईने माझे केस बाजूला करून दोन्ही कानांमागे पाहिले आणि तिथे टाके कसे नाहीत, असे विचारले. पडद्यातली कूर्चा पुरली, असे उत्तर मिळाले. असे बऱ्याचदा होतेही, म्हणून आम्ही गप्प बसलो.

तिसऱ्या महिन्यात दांड्यावर बोटाला एक सरळ कड लागू लागली. सूज आहे, वर्षभर थांबा, असे सांगण्यात आले. नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण ओसरायला वर्ष लागू शकते आणि त्याआधी सहसा दुरुस्तीची शस्त्रक्रिया करत नाहीत, हे वैद्यकीय सत्य आहे. माझ्या बाबतीत मात्र ते सत्य वेळ काढण्यासाठी वापरले गेले. गौरीच्या दिवशी समईच्या उजेडात वहिनीने माझा फोटो काढला आणि ती एकदम म्हणाली, ‘ताई, नाकावर आतून पट्टी ठेवल्यासारखं दिसतंय हो.’ तेराव्या महिन्यात शेंडा लाल झाला, तिथली कातडी ताणून चकाकू लागली आणि मधोमध मोहरीएवढा पांढुरका ठिपका दिसू लागला. क्लिनिकने अँटिबायोटिक लिहून दिले. डॉक्टर परगावी होते.

दुसऱ्या रुग्णालयातील प्लास्टिक सर्जनांनी नाकपुडीत उजेड टाकून पाहिले, पडदा उपकरणाने हलकेच चाचपला आणि मला विचारले, ‘पडद्याची कूर्चा तर जागच्या जागी आहे, मग तुमच्या नाकात आहे काय?’ चार दिवसांनी त्यांनी ते बाहेर काढले. काटकोनात वळलेला, पांढरा, रबरासारखा सिलिकॉनचा तुकडा होता. एका टोकाला सुरीने तासल्याच्या खुणा होत्या. अनेक जण सिलिकॉन समजून-उमजून बसवून घेतात आणि त्यात काहीही गैर नाही. मला मात्र कूर्चा सांगून, कूर्चेचे पैसे घेऊन सिलिकॉन घातले गेले.

मी क्लिनिककडे लेखी अर्ज करून माझे कागद मागितले. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार मागितलेली कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात. मला 19 दिवसांनी एक डिस्चार्ज कार्ड मिळाले. त्यावर ‘ग्राफ्ट’ (रोपण) एवढाच शब्द होता आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता, जो नियमाने औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवरही असावा लागतो.

ज्या कोणी हा विचार करत असतील, त्यांनी कोणते द्रव्य, शरीराच्या कोणत्या भागातून आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, अंगावर स्वतःचे कपडे असताना, मराठीत किंवा गुजरातीत लिहून घ्यावे. घरी सोडतानाच ऑपरेशन नोट्सची प्रत मागावी, आणि तयार इम्प्लांट बसवले असेल तर त्याच्या वेष्टनावरचे बॅच क्रमांकाचे लेबलही मागावे. डॉक्टरांचे नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत पाहावे. आणि ‘वर्षभर थांबा’ असे कोणी म्हटले तर थांबावे, पण त्या वर्षात दुसऱ्या सर्जनला नाक दाखवावे, कारण ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोनच वर्षांची आहे.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली तेव्हा त्या मुदतीचे 23 दिवस उरले होते. क्लिनिकला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागले नाही. माझ्याकडे 20,000 रुपयांची मोबाइलवरची नोंद आहे, वहिनीने काढलेला फोटो आहे आणि दुसऱ्या सर्जनांनी तिसऱ्याच दिवशी न मागता दिलेल्या ऑपरेशन नोट्स आहेत. त्यांच्या चौथ्या ओळीत लिहिले आहे की, पडद्याची कूर्चा अखंड असून पूर्वी काढल्याची कोणतीही खूण नाही.