दिवाळीच्या आसपास कुंडीत काय लावायचं? शेवंती, सदाफुली, जास्वंद की मोगरा

पाऊस परतला की पुण्यात नर्सऱ्यांपुढे गाड्यांची रांग लागते आणि निम्म्या लोकांच्या डिकीत शेवंतीच असते, कारण तेव्हा ती कळ्यांनी नुसती लगडलेली असते. मीही दोन-तीन वर्षं हेच केलं. पण वर्षानुवर्षं टिकणारं झाड हवं असेल तर आत्ता कसं दिसतंय ते सोडा, एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकल्यावर तुमच्या गच्चीत त्याचं काय होणार ते बघा. आपल्याकडची थंडी ही चारही झाडं काढतात, उन्हाळा सगळी नाही काढत.

शेवंतीचं कसंय, दिवस लहान झाले की ती फुलते (बाल्कनीतला दिवा रात्रभर चालू असेल तर कळ्या यायला उशीर होतो, हे मला फार उशिरा कळलं), महिना-दीड महिना धमाल, आणि मग लोक ती वाळली म्हणून फेकून देतात. खरं तर फुलं संपल्यावर चार बोटं ठेवून छाटायची, बुडातून पिल्लं फुटतात, ती उन्हाळाभर सावलीत जपायची आणि पावसाळ्यात वेगळी लावायची. एवढं होणार असेल तरच घ्या, नाहीतर ती पुष्पगुच्छासारखीच समजा.

सदाफुली बरोबर उलटी. विसरलात तरी जगते, आमच्याकडे तर गच्चीच्या फरशीच्या फटीत आपोआप उगवलीये. तिला मारायचा एकच मार्ग, लाडाने रोज पाणी. सासूबाईंनी तेच केलं आणि आठवड्यात बुंधा काळा पडून झाड बसलं.

जास्वंद घ्यायची तर देशी लाल घ्या. हायब्रिडची फुलं ताटाएवढी असतात, मान्य, पण झाड नाजूक, नखरे फार, आणि मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) दोन्हीवर येतोच, तो जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढायचा कंटाळा नसला तर बाप्पाला रोजचं फूल घरचं.

मोगरा आत्ता अगदी रडका दिसतो, नुसती पानं, म्हणून कोणी हात लावत नाही. पण पाच-सहा तास ऊन असेल तर माझं मत मोगऱ्यालाच. थंडीत छाटायचा, थोडे दिवस पाणी कमी करायचं, मग शेणखत द्यायचं, आणि बाकीची झाडं उन्हात माना टाकतात तेव्हा हा घमघमतो. ऊन तेवढं नसेल तर यातलं काहीच नको, अबोली लावा.

आणि हो, काहीही घेतलं तरी पिशवीतला लाल मातीचा गोळा तसाच कुंडीत ठेवू नका, तो विटेसारखा घट्ट असतो आणि पाणी नुसतं कडेने निघून जातं. आधी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की कडेची माती हाताने सैल करा आणि मग लावा.